डबा, दप्तर आणि दोस्त

कोजागिरी झाली. महिनाभर घरोघरी बसलेली भुलाबाई आपल्या घरी गेली, सहामाहीचे पेपर तपासून मुलांच्या हाती आले, आणि आपल्या स्वयंपाकघरात फराळाच्या सामानाच्या याद्या सुरू झाल्या. आमच्या वऱ्हाडात ऊन काही लवकर हटत नाही, म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पहिलं सत्र कसं भुर्रकन निघून जातं. बघता बघता पेपर घरी येतात आणि आयांच्या जिवाला घोर लागतो.

या आठवड्याच्या टपालात अकोल्याच्या एका भगिनींचं पत्र आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलं आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांची मुलगी दुसरीत आहे. घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर मराठी शाळा, शेजारपाजारच्या तीन-चार मैत्रिणी मिळून जातात. ‘घरी आली की अभ्यासाचं एक अक्षर सांगत नाही,’ बाई लिहितात, ‘सगळं मैत्रिणींचंच पुराण. कुणी कुणाचं खोडरबर घेतलं, कुणाच्या डब्यात काय होतं, कोण कुणाशी कट्टी आहे. बोलणंही पार बदललं. मला म्हणायचं सोडून मले म्हणते. सहामाहीत हातच्याच्या पाच बेरजांपैकी चार चुकल्या. यांचं आणि सासूबाईंचं म्हणणं, दिवाळीनंतर तिला शहराबाहेरच्या मोठ्या इंग्रजी शाळेत घालू. बसने जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. हे कानावर पडल्यापासून पोर रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि विचारते, “माह्या मैत्रिनी पन येतीन का तिकडं?” ताई, मी काय करू?’

पत्र वाचून जरा वेळ तसंच हातात धरून बसले. घरचं आटोपून मी अर्धा दिवस एका प्राथमिक शाळेत शिकवते, तेव्हा अशा ‘पुराण सांगणाऱ्या’ चाळीसेक पोरापोरी माझ्यासमोर रोज असतात. म्हणून आधी एवढंच सांगते की त्या पुराणात अभ्यास नाही असं समजू नका. दुसरीतल्या मुलाचा निम्मा अभ्यास त्यातच असतो, फक्त तो वहीत उतरलेला नसतो.

आता त्या हातच्याच्या बेरजेचंच घ्या. माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावर मी किती वेळा करून दाखवलं, आणे-पैशाची गोष्ट सांगितली, बोटं मोडली, पण सत्तावीस आणि पंधरा म्हटलं की तो खुशाल बत्तीस लिहून मोकळा. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारच्या पोराने खिशातून चिंचोके काढले, पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं आणि त्याला म्हणाला, “अबे, दहा चिंचोके झाले का झाकनात टाक, न झाकन तिकडच्या घरात सरकव. इकडं दहाले जागाच नाही!” झालं! बेचाळीस! दहाला या घरात जागा नाही, ही गोष्ट त्या पोराला शेजाऱ्याच्या तोंडून पटली. शिकवणाऱ्याला ते नुकतंच समजलेलं होतं, त्यामुळे न समजणाऱ्याची नेमकी कुठे अडचण होते ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझं पहिलं सांगणं हे की चार बेरजांसाठी शाळा बदलू नका. वाटीभर चिंचोके आणि एक झाकण पुरे. आणि त्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीलाही घरी बोलवा.

वर्गातल्या खेळांकडे कधी नीट पाहिलंय का? पाऊस पडत असला आणि मैदानात चिखल असला की तिसरी-चौथीची मुलं बाकावर चिठ्ठ्यांचा डाव मांडतात. राजा, प्रधान, शिपाई, चोर. आमच्याकडे राजाचे हजार, प्रधानाचे आठशे, शिपायाचे पाचशे आणि चोराचा भोपळा. गल्लीगणिक हे आकडे बदलतात म्हणा! चार जण चार चिठ्ठ्या उचलतात, चोर कोण हे एकाने ओळखायचं, चुकला तर त्याचे गुण चोराला. आता पाच डावांत कुणाला एकदा राजा, एकदा प्रधान, दोनदा शिपाई आणि एकदा चोर आला, तर त्याचे अठ्ठावीसशे झाले. हा हिशेब ती पोरं कागदाच्या कपट्यावर करतात, आणि एकाने शंभराची लबाडी केली तर उरलेले तिघे लगेच पकडतात. तपासणारे इतके कडक, की आम्हा शिक्षकांची काय बिशाद! हाच हिशेब वहीत दिला असता तर जांभया आल्या असत्या. शिवाय समोरच्याचा चेहरा वाचणं, आपला चेहरा लपवणं, हरलं तरी पुढच्या डावाला बसणं, हे कोणत्या पुस्तकात आहे?

स्वित्झर्लंडमधले मोठे बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ते मुलांना विचारत, हे नियम कुणी केले? बदलता येतील का? लहान मुलांना वाटे, नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली रेघ, ती हलणारच नाही. जरा मोठी झालेली मुलं म्हणत, सगळ्यांनी कबूल केलं तर बदलता येईल. मैत्रिणींनो, ही पायरी किती मोठी आहे पाहा. सगळ्यांना विचारून नियम करायचा आणि केला की पाळायचा, हे मूल बरोबरीच्या मुलांत भांडता भांडता शिकतं. आपण मोठी माणसं हुकूम देतो. तिथे मुलाला एकतर ऐकायचं असतं, नाहीतर हट्ट करायचा असतो. कंचे खेळताना ‘ही चिडी झाली’, ‘नाही झाली’ म्हणून अर्धा तास वाद घालणारी पोरं तुम्हाला वेळ फुकट घालवताना दिसत असतील. ती नियम शिकत असतात.

आपली भुलाबाई तरी दुसरं काय करते! भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा हलवून पाहायचा, कानाला लावायचा. गोड की तिखट? ओलं की कोरडं? तळलेलं की भाजलेलं? एकेक प्रश्नाने अर्धे पदार्थ बाद करत करत सात-आठ वर्षांच्या पोरी फुटाण्यांपर्यंत बरोबर पोचतात. चौथीच्या परिसर अभ्यासात ‘वर्गीकरण करा’ असा प्रश्न येतो, त्यापेक्षा हे काय वेगळं आहे? फरक इतकाच की इथे बरोबर उत्तराला खाऊ मिळतो!

आता डब्याकडे वळू. डबा हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. ‘डबा संपवला का?’ हा प्रश्न विचारला नाही अशी आई सापडायची नाही. पण डबा कुणी संपवला, हे आपल्याला क्वचित ठाऊक असतं. मधल्या सुट्टीत पोरी गोल करून बसतात. एकीच्या डब्यात पोळी आणि आलूची भाजी, दुसरीच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी, तिसरीकडे मेथीचे पराठे. “तुह्या डब्यात काय हाय वं?” असं विचारत विचारत डबे फिरतात, आणि जिच्या आईला आज काही करून द्यायला जमलं नाही तिचंही पोट भरतं. तिला कुणी ‘बिचारी’ म्हणत नाही, हे विशेष. सरकारी आणि अनुदानित शाळांतून दुपारचं जेवण मिळतं. ही योजना देशात १९९५ साली सुरू झाली, २०२१ पासून तिला प्रधानमंत्री पोषण योजना म्हणतात. मुलांसाठी मात्र ती अजून ‘खिचडी’च. तीही एका पंगतीत बसून, ‘अजून वाढा’ म्हणत खायची असते.

यावरून एक नाजूक गोष्ट सांगते, राग मानू नका. मूल घरी येऊन सांगतं, आज मी अमकीच्या डब्यातली भाकर खाल्ली. आणि घरातलं कुणीतरी पटकन विचारतं, ‘अमकी म्हणजे कुणाची गं?’ त्या ‘कुणाची’त काय काय दडलेलं असतं ते मुलाला त्या दिवशी कळत नाही, पण कधीतरी कळतं. दुसऱ्या दिवशी ते डब्यातलं सांगणं बंद करतं, आणि आपल्या हातून त्याच्या दिवसाचं एक दार लागतं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात मडक्याचं खापर घेऊन गावोगाव फिरले. त्यांनी जन्मभर दोन गोष्टी लोकांच्या गळी उतरवल्या. माणसामाणसांत शिवाशिव पाळू नका, आणि पोटाला चिमटा घेऊन का होईना, पोरांना शिकवा. आपल्या मुलींच्या डब्याच्या गोलात या दोन्ही गोष्टी एकदम होत असतात. आपण त्यात खडा टाकू नये, एवढंच. डब्यात एक पोळी जास्त घाला, आणि हात धुऊन खायची सवय मात्र पक्की लावा.

आता ‘मले’ आणि ‘तुले’. या दोन शब्दांनी आपल्या गावातल्या किती आयांची झोप उडवली असेल! ‘शाळेत जाऊन गावंढळ बोलायला लागली’ ही तक्रार मला पालकसभेत दर वेळी ऐकायला मिळते, आणि गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईही जरा रंगात आल्या की ‘काऊन बा’ म्हणून जातात. अहो, आपली वऱ्हाडी काही मराठीचं बिघडलेलं रूप नव्हे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, सुमारे १२७८ साली सिद्ध केलं, ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठीची आद्य कवयित्री म्हणतात ती महदंबाही त्याच रिद्धपूरच्या महानुभाव मंडळीतली. म्हणून तर मराठी भाषेचं विद्यापीठ आज रिद्धपूरला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पेढे वाटले. मग त्याच मातीतला ‘मले’ पोरीच्या तोंडी आला की कपाळाला आठ्या का?

याचा अर्थ मुलांनी प्रमाण मराठी शिकू नये असा नाही. वहीत ‘मला’ लिहायचं, भाषणाला उभं राहिलं की ‘मला’ म्हणायचं, हे मी वर्गात शिकवतेच. पण मी ‘चूक’ म्हणत नाही. मी म्हणते, ‘हे अंगणातलं बोलणं, ते वहीतलं बोलणं.’ मुलांना दोन्ही घरांत ये-जा करायला काहीच कठीण जात नाही. कठीण जातं ते सारखं टोकलं गेल्यावर. ज्याला दर वाक्याला थांबवलं जातं ते मूल हळूहळू बोलणंच सोडतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे आपल्याला काय सांगायला हवं! आधी पोरगी भरपूर बोलू दे. ‘मले’चं ‘मला’ होईल, त्याला वेळ आहे.

इंग्रजीची काळजी मी समजू शकते. ती हवीच. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. आणि २००९ चा जो बालशिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं स्पष्ट म्हटलं आहे. घरात रोज पंधरा मिनिटं इंग्रजी गोष्टीचं चित्रांचं पुस्तक मुलीबरोबर वाचलंत, तरी वर्षाकाठी बरंच पुढे जाल. आपली इंग्रजी फार चांगली नाही म्हणून संकोचू नका, दोघी मिळून शिका.

त्या बसच्या प्रवासाचा मात्र हिशेब करून पाहू या. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, म्हणजे रोज दीड तास. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान दोनशे दिवस शाळा आणि आठशे तास शिकवणं ठरवून दिलं आहे. दोनशे दिवस गुणिले दीड तास, तीनशे तास झाले. आठशे तासांच्या शिक्षणासाठी सात वर्षांच्या पोरीने तीनशे तास बसमध्ये हिंदकळायचं! हे तीनशे तास येणार कुठून? झोपेतून नाहीतर खेळातून. दुसरीकडून यायला ते आहेतच कुठे?

आणि खेळाला आपण फार स्वस्त समजतो हो. खरं तर या बाबतीत आपल्या अमरावतीने जगाला दाखवून दिलं आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथे हनुमान आखाडा सुरू केला, पुढे त्याचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं, तेव्हा याच मंडळाच्या चमूने तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. जे खेळ आपली पोरं मातीत खेळतात ते पाहून परदेशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि अलीकडची गोष्ट, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या पुरुषांनी आणि मुलींनीही, दोन्ही चषक जिंकले. खो-खो नुसता पळायचा खेळ नाही. पाठीमागून ‘खो’ मिळेपर्यंत उकिडवं बसून राहायचं, मिळाला की क्षणात उठायचं, धरलेली दिशा सोडायची नाही, आणि धावता धावता आपण दमलो की दुसरीला खो द्यायचा. आपली पाळी येईपर्यंत तयारीत थांबणं आणि वेळेवर दुसरीला पुढे करणं, हे संसारातही किती कामाला येतं ते आपल्याला पुरतं ठाऊक आहे! मात्र चौथी-पाचवीनंतर मुलींचं खेळणं आपणच ‘आता मोठी झालीस’ म्हणून बंद करतो. निदान तोवर तरी तिला पोटभर खेळू द्या. मुलांना खेळण्याचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात लिहिलेलं आहे, आणि १९९२ साली आपल्या देशाने तो करार मान्य केला आहे.

मुलांच्या खेळात शिक्षण आहे हे आपल्या मराठी स्त्रियांनी कधीच ओळखलं होतं. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या, आणि १९४५ साली त्यांनी ठाणे भागातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र उभं केलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ, असं म्हणून त्यांनी अंगणवाडी चालवली. नंतर कोसबाडला, मुलं गुरं घेऊन कुरणात जातात म्हणून शाळा कुरणात नेली. मूल जिथे आपल्या सवंगड्यांत रमलं आहे तिथे जाऊन शिकवायचं, ही त्यांची रीत. आपण मात्र रमलेलं मूल उचलून दुसरीकडे नेऊ पाहतो.

कुणी म्हणेल, मग शाळा कधी बदलूच नये का? तसं नाही. काही वेळा बदलावीच लागते, आणि तेव्हा वेळ दवडू नये. खुणा सांगते. रोज सकाळी पोटात दुखतं आणि रविवारी दुखत नाही. महिना-दोन महिने झाले तरी मुलाच्या तोंडी एकाही सोबत्याचं नाव नाही. शाळेचं संडास घाणेरडं म्हणून मूल दिवसभर पाणीच पीत नाही, घरी आल्या आल्या मोरीकडे धावतं. अंगावर वळ दिसतात, किंवा ‘सर ढ म्हणतात’ असं खाली मान घालून सांगतं. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. अशा वेळी आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना. विनाअनुदानित खाजगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मैत्रिणींनो, ही जागा आपलीच आहे. तिथे बोला. संडास आणि पिण्याचं पाणी हे विषय पुरुषमंडळी काढत नाहीत, आपण काढायचे. आणि मुलाला गंभीर धोका वाटला तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन पाठ ठेवा.

अकोल्याच्या भगिनींच्या पत्रात मात्र यातली एकही खूण मला दिसत नाही. त्यांची मुलगी शाळेत आनंदाने जाते, चार मैत्रिणींत रमते, घरी येऊन भडाभडा बोलते, आणि मैत्रिणी तुटतील म्हणून रडते. ज्या मुलीला रडण्याइतक्या मैत्रिणी शाळेत आहेत तिची शाळा, निदान त्या बाबतीत, आपलं काम करते आहे.

म्हणून त्यांना माझा सल्ला असा. वर्षाच्या मध्ये मुलीला हलवू नका. सासूबाईंशी आणि यजमानांशी वाद घालू नका, मुदत मागा. ‘वार्षिक परीक्षेपर्यंत थांबू, मी स्वतः लक्ष घालते, मग पुन्हा बसून ठरवू,’ असं म्हणा. वर सांगितलेला तीनशे तासांचा हिशेब एका कागदावर मांडून समोर ठेवा. पुरुषमंडळींना हिशेब पटतो. सासूबाईंना एक दिवस दुपारी शाळा सुटताना नातीला आणायला पाठवा. नात मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून येताना पाहिली की आजीचं मन निम्मं वळेल. आणि वर्गशिक्षिकांना भेटून एवढंच विचारा, ‘हातचा तिला कुठे अडतो? घरी मी काय करू?’ तक्रार न करता असं विचारणारी आई आली की आम्हा शिक्षिकांना फार बरं वाटतं, हे आतल्या गोटातलं सांगते.

बाकी आपण सगळ्याजणींनी घरी करण्यासारख्या दोन-चार गोष्टी.

मूल घरी आलं की पहिली पंधरा मिनिटं पेपर, वही, मार्क यांचं नाव काढू नका. हातपाय धुऊ दे, काही खाऊ दे. मग ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘आज कुणाशेजारी बसलीस? मधल्या सुट्टीत काय खेळलात? कुणाला काही येत नव्हतं ते तू सांगितलंस का?’ असं विचारा. आणि हातातला मोबाईल तेवढा वेळ कपाटावर ठेवा. भाजी निवडताना ऐकलं तरी चालतं, भाजीकडे पाहत ऐकलेलं मुलांना चालतं, मोबाईलकडे पाहत ऐकलेलं चालत नाही.

कट्टी झाली तर लगेच मध्ये पडू नका. वर्गाच्या मोबाईलवरच्या गटावर तर मुळीच लिहू नका. मुलांची कट्टी शनिवारी होते आणि सोमवारी सुटते, आयांची वर्षभर टिकते!

महिन्यातून एक दुपार दोन-तीन सोबत्यांना घरी बोलवा. मुरमुऱ्याचा चिवडा आणि लिंबाचं सरबत पुरतं, वेगळा थाट नको. पोरांना आपापसांत ‘शाळा शाळा’ खेळू द्या आणि आपण आतून कान द्या. आपलं मूल बाई होऊन काय शिकवतं, कसं रागावतं, ते ऐकून शाळेत काय चाललं आहे ते जितकं कळतं तितकं प्रगतिपुस्तकावरून कळत नाही.

आणि काही कारणाने शाळा बदलावीच लागली, बदली झाली, घर बदललं, तर मुलीला शेवटच्या दिवशी नीट निरोप घेऊ द्या. सगळ्यांना द्यायला लिमलेटच्या गोळ्या द्या. दोन जिवलग मैत्रिणींच्या आयांचे फोन नंबर घ्या आणि पहिले दोन महिने सुट्टीच्या दिवशी गाठ घालून द्या. जुनी मैत्रीण टिकली आहे एवढं कळलं की मूल नवी मैत्रीण करायला धजतं.

अकोल्याच्या भगिनी, मार्चनंतर काय ठरलं ते मला जरूर कळवा. आणि तुम्ही सगळ्याजणी, तुमच्या गल्लीत आणि शाळेत मुलं कोणकोणते खेळ खेळतात, त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, आणि राजा-प्रधान-चोर-शिपायात कुणाचे किती गुण असतात, ते लिहून पाठवा. बिल्लसचे तर माझ्याच वर्गात तीन प्रकार आहेत. आलेली नावं पुढे याच सदरात देईन.

फराळाला लागा आता. आणि हो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अभ्यासाच्या ढिगात गाडू नका. चिंचोके मात्र नक्की जमवायला सांगा.